उलटी खूण

वॉलिस हार्बर, ओहायो
१४ ऑक्टोबर १९९६

मिस्टर हलुस्का,

मी अर्नेस्टीन पेटवे, थर्मन पेटवेची बायको. स्टोकर्सच्या फुटबॉल संघात तुम्ही क्वार्टरबॅक होतात आणि थर्मन रिसीव्हर. तुम्ही फेकायचात, तो झेलायचा. आपण दोनदा भेटलो आहोत आणि दोन्ही वेळा तुम्ही मला 'मिसेस थर्मन' म्हणालात. राग नाही, फक्त ओळख पटावी म्हणून सांगते.

फोनच करणार होते. पण आमच्या घरात फोन वाजला की थर्मनला वाटतं कोचने बोलावलंय, आणि तो बूट शोधायला लागतो. म्हणून हे पत्र.

थर्मनचं डोकं आता त्याच्या ताब्यात राहिलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, खेळताना डोक्याला बसलेले मार आता बाहेर येतायत. वय अवघं पंचावन्न. मुलीचं नाव त्याला कधी आठवतं, कधी नाही. आई जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिच्यासाठी पावाचा तुकडा बाजूला काढून ठेवतो. पण एक गोष्ट तो विसरत नाही. रोज उजेड उतरला की मागच्या अंगणात जातो, कपडे वाळत घालायच्या खांबापाशी वाकून उभा राहतो आणि मान वळवून घराच्या ओट्याकडे बघतो. मग धावत सुटतो. अर्ध्या अंगणात थबकतो, गर्रकन वळतो आणि दोन्ही हात पुढे करतो. हातात काहीच येत नाही. तसाच उभा राहतो थोडा वेळ, मग परत खांबापाशी. दमून गुडघ्यांवर बसेपर्यंत हे चालतं.

मी विचारलं तर म्हणतो, "माझ्यामुळे हरलो, अर्नी. तिथंच चुकलं. एकदा नीट करून येतो, मग जेवू."

कुठला डाव ते तुम्हाला सांगायला नको. डिसेंबर १९६९, बेलफोर्टविरुद्ध, शेवटचा चेंडू. तुम्ही लांब फेकलात, तो मध्येच थांबला. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला आणि बेलफोर्टच्या माणसाने आयता झेलला. जिंकलो असतो तर विजेतेपदाचा सामना होता.

मुलगी, रोझलिन, म्हणते आता त्याला संस्थेत ठेवायची वेळ आली. थंडीत असा बाहेर पळत राहिला तर माझाही इलाज चालणार नाही. मला त्याला घरीच ठेवायचंय. तुम्ही त्याला दोन ओळी लिहा की त्याची चूक नव्हती. तुमच्या हातचं असलं तर कदाचित त्याच्या डोक्यात शिरेल.

अर्नेस्टीन पेटवे


टक्सन, ॲरिझोना
२९ ऑक्टोबर १९९६

प्रिय मिसेस पेटवे,

तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. थर्मनसारखे हात मी पुन्हा पाहिले नाहीत. ओला चेंडूसुद्धा अंडं उचलावं तसा उचलायचा. मी आणि मार्जी दोघंही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय.

त्या चेंडूचं म्हणाल, तर मी त्याच दिवशी, अंगावरचा घाम वाळायच्या आत, पत्रकारांसमोर सांगून टाकलं होतं, 'हा दोष माझ्यावर. थर्मनला कोणी काही बोलू नका.' तेव्हाची वर्तमानपत्रं काढून बघा, शब्दन् शब्द छापलाय. आजही मी तेच म्हणतो. त्याला सांगा की हलने सगळं आपल्या अंगावर घेतलंय, तू निवांत झोप.

सोबत एक फोटो पाठवतोय. त्यावर मी माझ्या हाताने लिहिलंय, 'थर्मनला. चूक माझीच होती, गड्या! तुझा हल.' त्याला दिसेल असा लावा. अशा माणसांना चित्र लवकर समजतं असं मार्जीने कुठंतरी वाचलंय.

धीर सोडू नका.

तुमचा,
वॉरेन 'हल' हलुस्का


वॉलिस हार्बर
९ नोव्हेंबर १९९६

मिस्टर हलुस्का,

फोटो परत पाठवतेय. थर्मनने बराच वेळ बघितला आणि विचारलं, "कोण हा पोरगा? दात झकास आहेत." रात्री तो फोटो मला बर्फाच्या पेटीत सापडला, कोंबडीखाली. तुमचं तोंड खाली होतं, म्हणजे थंडी लागली नसेल.

आता मी जरा स्पष्ट बोलते, मग तुम्हाला राग येवो.

या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे की हरल्यावर क्वार्टरबॅक 'माझ्यावर' म्हणतो. लग्नातून निघताना पाहुणा 'जेवण छान होतं' म्हणतो ना, तसंच ते. खरं की खोटं कोणी बघत नाही. तुम्ही जितक्या मोठ्या मनाने ते म्हणालात, तितकी लोकांची खात्री पटत गेली की चूक थर्मनची. तुम्ही दोष अंगावर घेतलात आणि लोकांनी तो तुमच्या अंगावरून अलगद उचलून त्याच्या अंगावर टाकला. तुमच्या गळ्यात हार पडला. आमच्या पायरीवर कोणीतरी फाडलेला चेंडू आणून ठेवला. सोमवारी कोचने सगळ्यांसमोर फिल्म लावली, आणि थर्मन एकटा उभा आहे आणि चेंडू वरून जातोय तिथं चित्र थांबवून ठेवलं. उन्हाळ्यात त्याला संघातून काढलं. दुसऱ्या कोणी घेतला नाही. त्या वर्षी या गावात तुमच्या शब्दाचं वजन किती होतं आणि एका काळ्या माणसाच्या शब्दाचं किती, ते तुम्ही जाणता आणि मीही जाणते.

आणखी एक. दोन वर्षांपूर्वी रेडिओवर तुमचं भाषण लागलं होतं, व्यापाऱ्यांच्या मेजवानीतलं. त्यात हा चेंडू होता. तुम्ही म्हणालात, 'पुढारी तोच, जो दुसऱ्याच्या चुकीचं खापर आपल्या डोक्यावर फोडून घेतो.' टाळ्या पडल्या. मी भांडी घासत होते. 'दुसऱ्याच्या' हा शब्द मी नीट ऐकला, मिस्टर हलुस्का. थर्मन तेव्हा अंघोळीला गेला होता, देवाची कृपा.

तेव्हा मला सांगा, चूक कोणाची होती? पत्रकारांना काय सांगितलंत ते नको. तुमच्या मनात काय आहे ते सांगा. आणि मग इथं येऊन त्याच्या तोंडावर सांगा.

अर्नेस्टीन पेटवे


टक्सन
२१ नोव्हेंबर १९९६

मिसेस पेटवे,

दोनदा लिहून फाडलं. आता तुम्ही विचारलंच आहे तर ऐका, आणि मग मला दोष देऊ नका.

त्या डावाचं नाव 'लँटर्न'. त्याला दोन शेवट होते. समोरचा बचाववाला कुठं उभा आहे ते बघून थर्मन ठरवायचा, अर्ध्यात थांबून वळायचं की त्याच्या पाठीमागे सुसाट निघून जायचं. मैदानात इतका कल्ला असायचा की ओरडून उपयोग नव्हता, म्हणून आमच्या खुणा होत्या. शिरस्त्राणाला हात लावला की थांबणार. कमरेच्या पट्ट्याला हात लावला की धावत राहणार. मी खूण बघितली की उजवी टाच दोनदा जमिनीवर आपटायचो, म्हणजे समजलं. मग चेंडू हातात आला की मी त्याच्याकडे न बघता त्या जागेवर फेकायचो. तो तिथं असणारच या भरवशावर.

त्या दिवशी त्याने कमरेला हात लावला. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. टाच आपटली. लांब फेकला. आणि तो थांबला.

बस, एवढंच आहे. फिल्ममध्ये त्याचा हात दिसत नाही, कॅमेरा माझ्यावर होता. त्यामुळे हे फक्त मला आणि त्याला ठाऊक. मी कधी कुठे बोललो नाही, मार्जीलासुद्धा नाही. चूक कोणाच्याही हातून होते. पण तुम्ही मला ढोंगी ठरवताय, आणि मी मात्र सत्तावीस वर्षं तुमच्या नवऱ्याची इभ्रत सांभाळत आलोय. ते भाषणातलं वाक्य मी टाळायला हवं होतं, मान्य.

मी येऊन 'माझी चूक' म्हणायला तयार आहे. विमानाने दुपारी निघून संध्याकाळी पोचेन. पण थर्मन माझ्या डोळ्यांत बघून फेक ओळखायचा. डोकं कितीही गेलेलं असलं तरी त्याला कळेल की मी खोटं बोलतोय.

वॉ. हलुस्का


वॉलिस हार्बर
३ डिसेंबर १९९६

मिस्टर हलुस्का,

खरं बोललात. त्याबद्दल आभार, मनापासून. तुमच्यावर एवढी चिडलेली असताना आभार मानावे लागतायत, काय करणार.

परवा पहिला बर्फ पडला. मी चर्चमध्ये गायनाच्या तालमीला गेले होते, शेजारीण बसली होती त्याच्यापाशी, तिचा डोळा लागला. मी आले तेव्हा तो अंगणात, पायात घरातल्या सपाता, पावलांचे ठसे एकाच रेघेत जाऊन येऊन बर्फाचा चिखल झालेला. बोटं निळी पडली होती. रोझलिनने टोलेडोजवळची एक संस्था बघून ठेवलीय. जानेवारी संपेपर्यंत तिने मला मुदत दिलीय. पोरगी वाईट नाही, घाबरलीय.

तुमचं पत्र आल्यापासून मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचा हात बघत असते. तुम्ही म्हणता कमरेला हात लावला की धावायचं. तर ऐका. तो कमरेला हात लावतो आणि थांबतो. रोज. आणि कधी कधी, मला वाटतं बचाववाला त्याला वेगळ्या जागी दिसत असेल तेव्हा, तो डोक्याला हात लावतो. त्या वेळी तो न थांबता थेट कुंपणापर्यंत पळत जातो आणि जाळीवर आदळतो. कमरेला हात, की थांबणार. डोक्याला हात, की पळणार. एकदाही यात गफलत झालेली मी बघितली नाही. कालच्या जेवणाला काय होतं ते त्याला सांगता येत नाही, पण हे चुकत नाही.

आणि खांबापाशी वाकण्याआधी तो दर वेळी पुटपुटतो. मला वाटायचं प्रार्थना असेल. काल शेजारी जाऊन उभी राहिले तेव्हा ऐकू आलं. "उद्या उलटं. विसरू नकोस, उलटं."

मला यातलं काही कळत नाही. तुम्हाला कळतंय का?

आणि एक सांगायचं राहिलं. तुम्ही म्हणता तुम्ही त्याची इभ्रत सांभाळलीत, म्हणजे मनातून तुम्ही त्यालाच चुकलेला धरत होतात. थर्मनला हे कधीही माहीत नव्हतं. तुम्ही पत्रकारांसमोर जे बोललात ते त्याने अक्षरशः खरं मानलं. न्हाव्याच्या दुकानात कोणी टोमणा मारला की म्हणायचा, "हलने स्वतः सांगितलंय की त्याची चूक. मर्दासारखा उभा राहून सांगितलंय. विषय संपला." लोक माना डोलवायचे आणि तो बाहेर पडला की हसायचे. मी एकदा म्हटलं, नक्की काय झालं होतं ते तू उघड सांगत का नाहीस? तर म्हणाला, "ज्याने आपण होऊन कबूल केलं त्याला आणखी काय उघडं पाडायचं, अर्नी?"

या जगात तुमच्यावर विश्वास ठेवणारा तो एकटा होता. आता तेवढंच तो विसरलाय. लोकांचा आरडाओरडा आठवतो, तुमचे शब्द आठवत नाहीत.

अर्नेस्टीन


टक्सन
१९ जानेवारी १९९७

अर्नेस्टीन,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण देता येत नव्हतं. नाताळात नातवंडं आली होती आणि मी गॅरेजमध्ये बसून होतो. मार्जीला वाटलं पोटाचं दुखणं आहे.

'उद्या उलटं' हे माझे शब्द आहेत.

सामन्याच्या आदल्या सकाळी हॉटेलात न्याहारी चालू होती. डच ओबरली म्हणून आमचा एक जुना गडी त्या वर्षी बेलफोर्टकडे गेला होता. त्याला आमच्या सगळ्या खुणा पाठ. मी थर्मनच्या टेबलाशी गेलो. त्याच्यापुढे अंडी होती आणि तो त्यावर मिरपूड टाकत होता, नेहमीसारखी अंडी काळी होईपर्यंत. मी त्याच्या ताटावर काटा वाजवला आणि म्हटलं, "ओबरलीला सगळं ठाऊक आहे. उद्या उलटं. विसरू नकोस, उलटं." तो म्हणाला, "मी नाही विसरत. तू तुझं बघ." आणि हसला.

मग सामन्यात लँटर्न खेळायची वेळच आली नाही, शेवटच्या चेंडूपर्यंत. मी पाच वर्षं एकच खूण बघत आलो होतो. त्याचा हात कमरेला गेला आणि माझी टाच आपसूक आपटली. डोक्याने विचार केलाच नाही. तुमचं पत्र वाचेपर्यंत ती न्याहारी माझ्या आठवणीतून पार पुसून गेली होती. त्या दिवसातलं बाकी सारं मला आठवतं, बर्फाचा वाससुद्धा. तेवढंच नेमकं कसं गेलं ते देव जाणे.

तो बरोबर होता. मी चुकलो. मी जगाला सांगितलं की चूक माझी, मनात म्हणत होतो की किती मोठा आहे मी, आणि ते वाक्य सगळा वेळ खरंच होतं. खोटं समजून बोललेलं खरं. त्याच्यावर मी मेजवान्या खाल्ल्या, अर्नेस्टीन.

आता संध्याकाळी माझ्या घरामागे ऊन उतरतं तेव्हा निवडुंगांच्या कडेला कोणीतरी वाकून उभं असल्यासारखं वाटतं. तोंड दिसत नाही, नुसता हात दिसतो, कमरेवर ठेवलेला. मार्जीला सांगितलं नाही. मी उठून पडदा ओढतो, आणि पडद्यामागेही तो आहे हे मला ठाऊक असतं.

रोझलिनला म्हणावं, आणखी थोडे दिवस थांब. मी या महिन्याच्या अखेरीला येतोय.

हल


वॉलिस हार्बर
६ फेब्रुवारी १९९७

हल,

नीट पोचलात का? मक्याच्या पावाचा डबा विमानात उघडला असेल तर सांडलं असणार सगळं, मी सांगितलं होतं.

तुम्ही गेल्यावर काय झालं ते लिहिते, मग तुम्ही मला तुमच्याकडचं लिहा. मी खिडकीत होते, काच बंद, फक्त हलणारे ओठ दिसत होते. रोझलिन माझ्या मागे उभी होती. तुम्ही दोघं बर्फात किती वेळ बोलत उभे राहिलात, आणि मला दिसलं की थर्मन मान हलवतोय, नाही, नाही. तेव्हा मला वाटलं, संपलं. रोझलिनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग तुम्ही ओट्यापाशी येऊन उभे राहिलात, आमच्याकडे पाठ करून. तुमची टाच मला दिसली.

तुमची गाडी वळणापलीकडे गेल्यावर तो आत आला, हात धुतले, जेवायला बसला. "कोण आलं होतं रे?" मी मुद्दाम विचारलं.

"हल," तो म्हणाला. "म्हातारा झालाय. खांदा गेलाय त्याचा."

"काय म्हणत होता?"

"काही नाही. उलटं होतं ते आठवलं त्याला." आणि अंड्यांवर मिरपूड मागितली. ताटात अंडी नव्हती, बीन्स होत्या. मी मिरपूड दिली.

दुसऱ्या दिवशी उजेड उतरला तसा तो पुन्हा बाहेर गेला. खांबापाशी वाकला, कमरेला हात लावला आणि ओट्याकडे बघत राहिला. ओटा रिकामा होता. तेव्हा मला समजलं की इतकी वर्षं तो ओट्याकडे का बघायचा. मी ॲप्रनसकट बाहेर गेले आणि उजवी टाच दोनदा आपटली, तुमच्यासारखी. त्याने मान डोलावली. चालत चालत त्या जागेपर्यंत गेला, वळला, जरासा थांबला आणि आत आला. धावला नाही. एकदाच.

तेव्हापासून रोज असंच चाललंय. रोझलिनने संस्थेला नाही म्हणून कळवलं. मला गुडघेदुखी आहे, पण टाच आपटायला गुडघा लागत नाही फारसा.

आता तुम्ही सांगा, तुमचं काय बोलणं झालं?

अर्नेस्टीन


टक्सन
१८ फेब्रुवारी १९९७

प्रिय अर्नेस्टीन,

पाव सांडला. शेजारच्या सीटवरच्या बाईच्या मांडीवर. तिने तो खाल्ला आणि कृती विचारली.

अंगणात झालं ते असं. मी जवळ जाऊन म्हटलं, "थर्मन, मी हल. ओळखलंस का?"

"वर्तमानपत्रवाले का?" तो म्हणाला. "मला काही बोलायचं नाही. मी थांबलो, चुकलो. लिहा."

"तू नाही चुकलास. माझी चूक होती, थर्मन. खरंच माझी."

तो हसला. ते हसणं मला फार लागलं, कारण त्यात कडवटपणा अजिबात नव्हता. माझीच कीव केल्यासारखा म्हणाला, "मिस्टर, क्वार्टरबॅक लोक असंच म्हणतात. चांगली माणसं असतात. पण त्यावर कोणी विश्वास ठेवू नये."

मी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. न्याहारी, ओबरली, सगळं. तो मान हलवत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी ते वाक्य खरेपणाने बोलत होतो आणि ते माझ्या तोंडात पार झिजून गेलं होतं. मीच झिजवलं होतं. मला रडू यायला लागलं. त्याला बहुतेक वाटलं मला थंडी वाजतेय. म्हणाला, "आत जा, आत कॉफी आहे. मला इथं काम आहे." आणि खांबापाशी जाऊन वाकला.

तेव्हा मी बोलणं सोडून दिलं. ओट्यापाशी आलो, सोबत आणलेला चेंडू हातात घेतला. त्याने मान वळवून बघितलं आणि कमरेला हात लावला. मी मनातल्या मनात म्हटलं, उलटं, हल, उलटं. टाच आपटली. तो सुटला. पंचावन्न वर्षांचा आजारी माणूस, बर्फात, पण ते पहिलं पाऊल तेच होतं, अर्नेस्टीन, मी कुठेही ओळखलं असतं. तो वळेल त्या जागेवर मी फेकला, तो वळायच्या आधी. खांद्यातून कळ निघाली, चेंडू भोवऱ्यासारखा डुचमळत गेला. लाज वाटावी अशी फेक. त्याने खाली वाकून पोटाशी धरला.

चेंडू घेऊन तो चालत माझ्यापाशी आला, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "किती उशीर केलास, हल."

मी म्हटलं, "उलटं होतं. मी विसरलो."

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "तू सांगितलंस ना सगळ्यांना." मग चेंडू माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "जा, तुझं विमान चुकेल." विमानाचं त्याला कोणी सांगितलं होतं?

माझ्या निवडुंगांपाशी तो अजून उभा राहतो. आता मी पडदा ओढत नाही. टाच आपटतो. तो जात नाही. मला वाटतं तो तुमच्या अंगणातून निघाला तो इथं राहायला आला. असू दे. तिकडे गारठा फार होता.

हल


वॉलिस हार्बर
२५ नोव्हेंबर १९९७

प्रिय हल,

तुम्ही आलात, शवपेटीला खांदा दिलात, बरं वाटलं. तोच दुखरा खांदा पुढे केलात ते मी बघितलं. आणि दफनभूमीत सगळे पांगल्यावर तुम्ही खडीवर काय केलंत तेही बघितलं. रोझलिनला वाटलं तुम्ही बुटाचा चिखल झाडताय.

तो घरीच गेला, स्वतःच्या पलंगावर, माझा हात धरून. शेवटच्या आठवड्यात उठता येत नव्हतं तर पलंगावरूनच कमरेला हात लावायचा, आणि मी लाकडी फरशीवर टाच आपटायचे. सामान हलवताय का, म्हणून शेजारीण विचारायची. जे मला हवं होतं ते मिळालं. तुमच्यामुळे मिळालं, हे मी विसरणार नाही.

आता वर्तमानपत्राचं. त्याच्या निधनाच्या बातमीचा मथळा तुम्ही वाचलाच असेल, 'ज्याच्या चुकीने विजेतेपद हुकले'. मी फाडून टाकला. मग तुम्ही संपादकांना लिहिलेलं पत्र आधीच्या रविवारी छापून आलं. न्याहारी, ओबरली, उलट्या खुणा, तुम्ही काही म्हणता काही लपवलं नाहीत. मी उभ्याने वाचलं आणि मग खाली बसले. शेवटी एकदाचं गावाला समजेल असं वाटलं.

पत्राच्या डोक्यावर त्यांनी तुमचा तरुणपणीचा फोटो टाकलाय, तोच, झकास दातांचा. आणि वर मोठ्या अक्षरांत, 'मित्राच्या मृत्यूनंतरही दोष स्वतःवर घेणारा दिलदार हल'. या आठवड्यात त्यावर पानभर लोकांची पत्रं आली. तुमच्यासारखी माणसं आता उरली नाहीत म्हणे. नवा चौक बांधतायत तिथं तुमचा पुतळा बसवा, असंही एकाने लिहिलंय. मी हसले, हल. स्वयंपाकघरात एकटीच, पोट दुखेपर्यंत. थर्मन असता तर तोही हसला असता.

परवा रविवारची प्रार्थना संपली तशी बायका माझ्याभोवती जमल्या. सगळ्यांच्या तोंडी तुमचं पत्र. मी म्हटलं, "अहो, तो खरं बोलतोय. चूक त्याचीच होती. थर्मन बरोबर होता." सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं.

त्यांनी एकमेकींकडे बघितलं. पास्टरच्या बायकोने माझे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, "अर्नेस्टीन, तुझंसुद्धा मन किती मोठं आहे गं."

तुमची,
अर्नेस्टीन